यंत्राची सावड

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या वाशिंदच्या इमारतीमागे उरलेल्या एका शेतात भात कापायला माणसं उतरतात. एक म्हणजे खरोखरच एक. बाकी सगळ्या शेतांत प्लॉटचे दगड उभे राहिले आहेत आणि त्यांना रंगही देऊन झाला आहे. दोन दिवस विळे चालतात, तिसऱ्या दिवशी झोडणी, आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून नव्या पेंढ्याचा वास आत येतो. कुसळं उडून वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतात. शेजारच्या वहिनी वैतागतात. मी दोरीवरचं पातळ झटकते आणि उगीचच तिथे उभी राहते. भाताच्या वासाने लोकांना आजोळ आठवतं म्हणे. मला रोबो आठवतो. माझं सगळंच जरा तिरपं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे, आमची शाळा होती. मी विज्ञानाची बाई. मुरबाडला भाड्याची खोली, सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि एसटी चुकली तर दुधाचा टेम्पो. वर्गात निम्मी मुलं रस्त्याकडच्या शेतकऱ्यांची, निम्मी डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येणारी. शाळेला नव्वदीच्या शेवटी एक संगणक मिळाला होता. त्याला खोळ होती, त्या खोळीला आणखी एक खोळ होती, आणि त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. त्याच्यावर पडद्यावरच्या कासवाला चालवायची एक भाषा होती. पुढे जा, उजवीकडे वळ, पेन उचल. हुकूम इंग्रजीत असत, पण चारच अक्षरं. मुलांनी ती पाढ्यांसारखी पाठ केली होती. कासवाकडून त्यांनी चौकोन काढून घेतले, घरं काढून घेतली, आणि एकदा तर मुख्याध्यापकांची टोपी.

मग एके दिवशी स्पर्धेचं पत्रक आलं. ग्रामीण शाळांसाठी रोबोंची स्पर्धा, मार्गशीर्षात, कल्याणला. लाकडी फळीवर शेतासारख्या रांगा आखलेल्या असणार, त्यात थर्माकोलच्या गोळ्या. यंत्राने रांगेरांगेने फिरून गोळ्या गोळा करायच्या आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आणून टाकायच्या. कोणी हात लावायचा नाही. खाली दोन ओळी होत्या: प्रोग्रामिंगचा प्लॅटफॉर्म शाळेने स्वतः निवडावा, आणि प्रायोजक शाळेने स्वतः शोधावा.

मुख्याध्यापक म्हणाले, "प्लॅटफॉर्म तर आपल्याकडे रेल्वेचासुद्धा नाही, बाई." तरी त्यांनी सही केली. न बघता सही करायची त्यांची सवय तेवढी एकदाच उपयोगी पडली.

आधी मी गेले बाळाशेठकडे. बाळाशेठचं मुरबाडच्या बाजारात मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. जळालेले पंप, तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा उग्र वास, आणि मधे स्टुलावर बनियनमध्ये बसलेले शेठ. त्यांनी खणातून एक हिरवी पट्टी काढली. तिच्यावर काळ्या किड्यासारखी एक चिप.

"हिच्यात प्रोग्राम भरायचा, बाई. सी भाषेत लिवायचा. मोटारी मी देतो, चाका मी देतो. पन एक अर्धविराम इकडचा तिकडं झाला का ही बसली रुसून. मंग शोधीत बसा."

"बदल्यात काय द्यायचं तुम्हाला?"

"काय नको. शर्टावर माझा नाव बी नको. फक्त हरलात तर माझा नाव सांगू नका."

मला हा प्रायोजक फार आवडला. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

दुसरा होता औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. तिथले तरुण अधिकारी शाळेत आले ते गाडीतून एक पेटी घेऊनच. पेटीत चाकं, रंगीत ठोकळे, उजेड ओळखणारा डोळा, आणि संगणकासाठी एक तबकडी. तिच्यातल्या भाषेत लिहायचं काही नव्हतंच. पडद्यावर चित्रांचे तुकडे असत, एकाला एक जोडत जायचं. अधिकारी म्हणाले, शहापूर आणि मुरबाड मिळून चार शाळांना आम्ही या पेट्या देतो आहोत. मुलांनी कारखान्याच्या नावाचे पिवळे टी-शर्ट घालायचे. आणि या चार शाळांत जो संघ वर येईल, त्यात प्रोग्राम लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा सगळा भार कारखाना उचलेल, वसतिगृहासकट.

हे ऐकताना मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर हापशावर सोमी पाणी भरत होती.

सोमी दहावीत होती. वाडीवरची, सोमवारी जन्मलेली म्हणून सोमी. बोलायची कमी, आणि बोलली तर समोरच्याला उत्तर सुचायला वेळ लागायचा. गणित तिला असं यायचं की मी फळ्यावर अर्ध्यात असताना तिचा हात वहीवर थांबलेला असे. आणि दहावीनंतर तिचं काय होणार हे मला, तिला आणि अख्ख्या वाडीला माहीत होतं. भात झालं की तिचा भाऊ आणि वहिनी वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडावर परत येत. पुढच्या साली त्यांच्याबरोबर तीही जाणार होती. डिप्लोमा झाला तर भट्टी टळणार होती. इतकं सरळ होतं ते.

तरी मी मुलांना विचारल्याशिवाय ठरवलं नाही. आमचा संघ सहा जणांचा. टेबलावर एका बाजूला बाळाशेठची चिप ठेवली, एका बाजूला पेटी. मी दोन्हींचे गुण सांगायला लागले आणि नेहमीसारखी वीज गेली. तेव्हा भारनियमन असं होतं की वीज आली की लोक दचकत.

अंधारलेल्या खोलीत सोमी म्हणाली, "बाई, लाइट नसंल तवा यातला कुठला चालंल?"

"दोन्ही नाही चालणार."

तिने पेटीवरची चित्रं खिडकीच्या उजेडात धरली. "हे तुकडे पुठ्ठ्याचे करता येतील. खाली मांडायचे. लाइट आली का बघून बघून पडद्यावर जोडायचे. शेठची ती अक्षरा नाय मांडता येनार."

रस्त्याकडच्या शेतकऱ्याचा कैलास म्हणाला, "माझ्या घरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा हाय."

एवढ्यावर आमचा प्लॅटफॉर्म ठरला. आजही माझ्याकडे शिक्षक येतात, हातात गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन विचारतात, बाई, कुठलं सॉफ्टवेअर बरं? मी त्यांना विचारते, वीज गेल्यावर तुमची मुलं काय करतील? ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारीला इन्व्हर्टर माहीत नाही. पण पडदा काळा झाल्यावर मुलांच्या हातात काय उरतं, यावरून भाषा निवडावी असं मला अजून वाटतं. आमच्या मुलांच्या हातात लग्नपत्रिका होत्या. एका बाजूला गणपती आणि नवरा-नवरीची नावं, दुसऱ्या बाजूला स्केचपेनने काढलेला बाण. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ म्हणजे डावं चाक, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मग भात पिकलं. संघ गायब.

तीन दिवस सहाही जण शाळेत नाहीत. चौथ्या दिवशी मी रागाने फणफणत वाडीची चढण चढले. माझा राग चढणीला अर्धा होतो, तरी उरला होता. वर पोचले तर सहाही जण एकाच शेतात. सोमीच्या. कैलास, ज्याच्या बापाचं स्वतःचं भात खाली उभं होतं, तो इथे विळा घेऊन वाकलेला. बांधावर कापलेल्या पिवळ्या मुठी, मधे हिरवट धसकटं, आणि पायाखाली कापलेल्या भाताचा तो गोडसर वास.

"शाळा कुठे आहे तुमची?" मी ओरडले.

"सावड हाय बाई," कैलास सरळ होत म्हणाला. "सगली मिलून एकेकाचा काढतंव. एकट्यानी आठ दीस लागतात, सगल्यांनी एक. म्हंजे मंग समदी एकदम मोकली."

सावड मला पुस्तकातून माहीत होती. पैसे नाहीत, मजुरी नाही, मी तुझ्या शेतात राबायचं, तू माझ्या. पण बघितली ती त्या दिवशी. मी चप्पल काढून बांधावर बसले आणि सोमीच्या आईने दिलेला काळा चहा प्याले. राग गेला, आणि त्याच्या जागी एक कल्पना आली. शिक्षकाला कल्पना आली की मुलांनी सांभाळून राहावं.

मी ठरवलं, आपला प्रोग्रामही सावडीने लिहायचा. कोणाची वेगळी वही नाही. आज गोळ्या उचलायचं कोडं, तर सहाही जण त्याच्यावर. उद्या रांग मोजायचं, तर सहाही जण त्याच्यावर. पेटीतली ती तबकडी सुरू केली की पहिल्यांदा नाव विचारायची: प्रोग्रामर कोण? मी तिथे शाळेचं नाव घातलं. मुलांना आवडलं. मला तर इतकं आवडलं की घरी जाऊन आरशात बघून हसले असेन.

अडलं ते फक्त वळणावर. रांग संपली की आमचं यंत्र थांबे, जागच्या जागी गर्रकन फिरे, आणि गोळा केलेल्या गोळ्या भसकन बाहेर सांडत. थांबायचा वेळ वाढवून पाहिला, वेग कमी करून पाहिला. बॅटरी तापायची आणि खोलीभर रबराचा चिकट वास पसरायचा. बाळाशेठनाही बोलावलं. दुसऱ्याच्या पेटीकडे बघायला आले, हेच त्यांचं मोठेपण. त्यांनी मोटार कानाशी धरली, हलवली आणि म्हणाले, "मोटार चांगली हाय. पोरांच्या डोक्यातला फेर चुकतोय."

त्या रविवारी सोमीच्या खळ्यावर मळणी होती. भात झोडून झालं होतं. उरल्यासुरल्या दाण्यांसाठी पेंढा पसरून त्याच्यावर बैल फिरवत होते. मधे खांब, खांबाला एका ओळीत बांधलेले तीन बैल, आणि मागे चाबूक न मारता नुसतीच हाकत चालणारी सोमी. मी खळ्याच्या कडेला शेणाने सारवलेल्या जागेवर बसले होते. फिरता फिरता ती एकदम थांबली. बैल चालतच राहिले. ती खांबाजवळच्या बैलाकडे बघत होती, मग कडेच्या, मग परत खांबाजवळच्या.

"बाई," ती म्हणाली, "आतला बैल बघा. तो थांबत नाय. नुसता बारीक चालतो. भायेरचा लांब टांगा टाकतो. म्हनून फेर होतो. आपला यंत्र थांबतो, म्हनून सांडतो."

सारवलेल्या खळ्यावर तिने लग्नपत्रिका मांडल्या. एक चाक सावकाश, एक चाक जोरात, थांबायचा तुकडाच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत वीज आली तशी पडद्यावर तुकडे जोडले. यंत्र रांगेच्या टोकाला गेलं आणि डौलात वळून पुढच्या रांगेला लागलं. एक गोळी सांडली नाही. कैलासने उडी मारली तो संगणकाच्या काढून ठेवलेल्या खोळीवर पडला. सोमी नुसती दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते वळण तिचं होतं. एकटीचं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

कल्याणचं सभागृह मोठं होतं आणि आमचे टी-शर्ट त्याहून मोठे. मुलांच्या गुडघ्यांपर्यंत पिवळेच पिवळे. शेजारच्या टेबलावर शहापूरकडची शाळा, तेच टी-शर्ट, तीच पेटी. त्यांची पुढारी वैशाली नावाची एक चुणचुणीत मुलगी. सरावात त्यांचं यंत्र वळणावर थांबलं, फिरलं, आणि गोळ्या सांडल्या. पुन्हा केलं, पुन्हा सांडल्या. वैशाली रडायच्या बेताला आली.

मी बघितलं तेव्हा सोमी त्यांच्या टेबलाशी वाकलेली होती. ती बोटाने पडद्यावरचे तुकडे दाखवत होती आणि वैशाली जोडत होती.

"अगं सोमे," मी हळूच म्हटलं, "स्पर्धा आहे ही."

"त्यांचा अडला व्हता, बाई," ती म्हणाली. कोणाचं अडलं असताना बांधावर उभं राहून बघायचं असतं का, असा तिचा चेहरा.

त्यांचं यंत्र पहिलं आलं. आमचं दुसरं, काही सेकंदांनी. परीक्षकांनी दोन्ही प्रोग्राम उघडून पाहिले तर वळण जुळ्या भावंडांसारखं. त्यांनी दोन्ही संघांना बोलावलं. वैशाली प्रामाणिक पोर, तिने लगेच सांगितलं, "वळण यांनी दिला सर. बाकीचा आमचा." परीक्षक भला माणूस होता. तो म्हणाला, मग नियमाप्रमाणे यांचे गुण कमी होतील आणि तुम्ही वर जाल. फक्त वळण मूळ कोणी लिहिलं ते नावानिशी नोंदवायला हवं. त्याने कागद पुढे केला. कागदावर नावासाठी एकच ओळ होती. त्याने आमच्या मुलांना विचारलं, "कोणाचं आहे हे?"

"सगल्यांचा," कैलास म्हणाला.

"सगल्यांचा," बाकीचे म्हणाले.

त्याने सोमीला विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "सगल्यांचा." आणि मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एक नाव द्या," परीक्षक म्हणाला. "एकच ओळ आहे."

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला. मी म्हटलं, "सर, ही मुलं सावडीने काम करतात. यांच्यात माझं-तुझं नसतं. सहाही नावं लिहा, नाहीतर एकही नको." आणखीही बरंच बोलले. मला बोलता येतं. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाचंच नाव नोंदलं न गेल्यामुळे निकाल आहे तसा राहिला. आम्हाला एक करंडक मिळाला, आणि डिप्लोमा वैशालीला. तिच्या प्रोग्रामवर तिचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

पुढे वर्षभर मी ही गोष्ट सांगत फिरले. शिक्षकांच्या शिबिरांत, गॅदरिंगला, एकदा लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "सगल्यांचा" म्हणताना आवाज कसा खाली आणायचा हेही मला जमून गेलं होतं. लोकांचे डोळे ओले व्हायचे. सोमी तोवर दहावी पास झाली होती. मी त्या कारखान्यात दोनदा गेले. ते तरुण अधिकारी बदलून गेले होते, आणि नव्यांना पेट्या कुठल्या हेच ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन हिवाळ्यांत ती भट्टीवर गेली. आता ती बाळाशेठच्या दुकानात मोटारी बांधते, आणि तालुक्यात तिच्याइतकं सफाईने वाइंडिंग कोणी करत नाही असं शेठ गिऱ्हाइकांना तिच्यासमोर सांगतात. बरं चाललं आहे तिचं. पण डिप्लोमा तो डिप्लोमा. उगीच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

मला सांगायचं आहे ते स्पर्धेनंतरच्या पहिल्या कापणीचं. दिवाळीची सुट्टी होती. सोमी भट्टीवर जायच्या आधी भेटावं म्हणून मी वाडीवर गेले, सकाळीच. बघते तर तिच्या शेताच्या कडेला आमच्या पाच जणांबरोबर वैशाली उभी. वसतिगृहातून सुट्टीवर आलेली, शहापूरहून पहिली एसटी पकडून मुरबाडमार्गे आलेली, हातात घरचा विळा. "सावड फेडायला आली मी, बाई," ती म्हणाली. मला भरून आलं. मनातल्या मनात मी माझ्या गोष्टीला नवा शेवट जोडूनही टाकला.

सगळे शेतात उतरायला तयार होते, पण कोणी उतरत नव्हतं. बांधावर सोमीचा म्हातारा चुलता उभा होता. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "आज सोमीचा दीस." मग विळे चालू झाले.

मीही पदर खोचून सोमीच्या शेजारी वाकले. मला कापता येत नाही, पण मुठी उचलून ठेवता येतात. थोड्या वेळाने मी सहज विचारलं, "काय गं, शेत तुझं हे सगळ्यांनाच माहीत आहे. मग म्हाताऱ्याने ओरडून कशाला सांगायचं?"

"सांगाया लागतो," ती म्हणाली. "सावड सगल्यांची, पन दीस एकाचा असतो. आज कोनाचा तां नाव घेऊन सांगतात."

"मग तूच सांगायचंस."

तिचा विळा थांबला नाही. "आपला आपून नाय सांगत, बाई. आपल्या तोंडानी कसा सांगायचा? बाकीच्यांनी बी नाय सांगायचा. जो मोठा असंल त्यानी सांगायचा." तिने कापलेली मूठ माझ्या हातात दिली. "त्या दिवशी कल्यानला आमच्यात मोठ्या तुमीच व्हत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी ती मूठ हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्याकडे वर बघणारे तिचे डोळे मला आता कळत होते, आणि ते कळायला मला एक वर्ष लागलं होतं.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

‘नाय हो बाई, असा कसा’ असं काहीतरी ती म्हणेल, असं मला वाटलं. माझ्या वयाच्या माणसाला मुलं तसं म्हणतातच. तिने वाकून पुढची मूठ कापली आणि माझ्या हातातल्या मुठीवर ठेवली.